कडेला भोक पडलेला पैसा

...आणि पोर कसं आहे हे विचारायचं सोडून तो माणूस मला टाकसाळीतलं यंत्र कसं चालतं ते सांगत होता हो, टांग्यात बसून, ऐन सियागंजात, पुढे गुळाच्या भेल्यांची बैलगाडी आडवी, मागे हमालांचा ठेला, माझ्या मांडीवर माझं सव्वा वर्षाचं लेकरू, त्याच्या पोटात नाणं, आणि हे मला म्हणतायत, "सूनबाई, यंत्राला दोन ठसे असतात बघा, एक वरचा, एक खालचा." आता तुम्हीच सांगा, त्या घटकेला मला ठशांचं काय करायचं होतं? मी म्हटलं, नानासाहेब, पैसा कसा चुकला ते मला नका सांगू, पोर कसं आहे ते सांगा. तर म्हणतात, "पोराला काही होत नाही, पण तो पैसा नव्हे सूनबाई, चवन्नी आहे. आणि साधी चवन्नी नव्हे, लखी आहे."

घ्या.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई कुठून कुठे बोलतेय. नानासाहेब म्हणजे आमचे घरमालक. स्नेहलतागंजात खाली आम्ही, वर सुलोचनाबाई, आणि मागच्या अंगाला नानासाहेब एकटे. होळकर सरकारच्या खाजगी खात्यात होते, राज्य मध्यभारतात गेलं तसे हे पेन्शनीत गेले, आणि तेव्हापासून त्यांना नाण्यांचं वेड. बरं, माणसं नाणी जमवतात, नाही असं नाही, पण चांगली जमवतात ना? ह्यांना हवीत बिघडलेली. टाकसाळीत चूक होऊन बाहेर आलेली. तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात अशी सगळी चुकार मंडळी कोंबून ठेवलेली... एक आणा दोनदा छापला गेलेला, त्याच्यावरच्या राजाला दोन हनुवट्या. एक रुपया ठशाखाली नीट न बसता सरकलेला, त्याचं अर्धं अंग कोरं, द्वितीयेच्या चंद्रासारखं. आणि एक भोकाचा पैसा... तो लढाईच्या दिवसांतला हो, मधोमध वाटोळं भोक असतं तो, पोरांच्या करदोट्यात ओवतो आपण... तर ह्यांच्या त्या पैशाचं भोक मधोमध नाही, पार कडेला. पैशानं डोळा मारल्यासारखं. "चांगलं नाणं काय, कुणाच्याही खिशात असतं," असं म्हणायचे आणि दिवाळी ते दिवाळी तोच डबा उघडायचे, तोच झाकायचे. कुणाचं काय बिघडत होतं? माझं तरी नव्हतं, त्या दुपारपर्यंत.

आणि घरात माणूस नाही. आमचे हे मध्यभारत सरकारात कारकून. ते सरकार कसं, ते तुम्हाला मालूम आहेच, उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायली पेट्यांत, पेट्या रेल्वेत, आणि पेट्यांच्या मागे आमचे हे. लग्न मी माणसाशी केलं की दप्तराशी, हे कोडं मला हिवाळ्यात दर वर्षी नव्यानं पडतं. घरात मी, आईसाहेब म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दौलत. दौलतराव हे आजेसासऱ्यांचं नाव, फौजेत होते ते. त्यांनी म्हणे उभ्या आयुष्यात हातातली तलवार टाकली नाही. ह्यानं तोंडातली वस्तू टाकलेली मी पाहिली नाही. दात येतायत ना. पाटाचा कोपरा, माझी चोळी, आईसाहेबांची जपमाळ, जे येईल ते चावतो. म्हणून आईसाहेबांनीच त्याच्या करदोट्यात भोकाचा पैसा ओवलेला, नजरही लागत नाही आणि चावायलाही होतो. दिवसभर करदोटा ओढायचा, पैसा तोंडात धरायचा, चोखत बसायचा. आम्हाला त्याचं काही वाटेनासंच झालं होतं, आणि बघा, तिथंच घात झाला.

त्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडतेय, आईसाहेब वाती वळतायत, सुलोचनाबाई नुसत्याच बसल्यात, आणि नानासाहेब आले डबा घेऊन. चेहरा असा, जणू मुलगी बघायला आलेत आणि पसंत पडलीय. आईसाहेबांना म्हणाले, "वहिनीसाहेब, आज एक नवं आणलंय. सराफ्यातल्या शेठजीच्या दाढीला हात लावून लावून आणलंय." झालं, डबा सतरंजीवर उपडा. चवन्नी हातात धरून ती ह्या बोटांतून त्या बोटांत फिरवून दाखवतायत, "इकडून राजा, आता तिकडून बघा, तिकडूनही राजा, पण खोलात गेलेला, तोंड उलटीकडे." सुलोचनाबाई म्हणाल्या, "अगंबाई, खोटी आहे की." त्यावर नानासाहेब असे दुखावले, असे दुखावले, की त्यांना समजावण्यात आईसाहेब गुंतल्या, आणि मी सुपातून वर बघते तर दौलत सतरंजीवर बसलाय, तोंडात पैसा, लाळ गळतेय, ओठांतून नुसती कड दिसतेय. मी म्हटलं, चोखतोय आपला करदोट्यातला. आणि परत सुपात बघितलं.

आणि मग आवाज आला. खक्. एकच. मोठा नाही. तुम्हाला सांगते, घरात भांडं पडलं तरी मी एवढी दचकत नाही. वर बघितलं तर पोराचे डोळे हे एवढे, तोंड उघडं, आवाज नाही, रडं नाही, दोन्ही हात हवेत. मी सूप टाकलं, धावले, करदोट्याला हात घातला की ओढून काढीन दोऱ्यासकट... तर करदोट्यातला पैसा त्याच्या बेंबीवर. तिथल्या तिथे. कोरडा. मग तोंडात काय होतं?

आईसाहेबांनी पोराला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थाप, दुसरी थाप, मी बोट घालतेय घशात, सुलोचनाबाई माझ्या पाठीवर थापा मारतायत, का ते त्यांनाच ठाऊक... आणि मग त्यानं श्वास घेतला, मोठ्यानं रडला, आणि ते रडं मला असं गोड लागलं म्हणून सांगू. पण नाणं बाहेर आलं नाही. आत गेलं होतं. आणि नानासाहेब सतरंजीवर गुडघे टेकून नाण्यांवर हात फिरवतायत आणि म्हणतायत, "लखी कुठंय? लखी नाही इथं." मी म्हटलं, मला तर कड तांब्याची दिसली हो, लालसर. "तांब्याची कशी असेल? लखी नाहीये म्हणजे लखीच." आता ज्याचं पोर त्यानं बघितलेलं खरं, की ज्याचं नाणं त्याला वाटलेलं खरं? पण त्या गडबडीत कोण ऐकतंय.

तरी एक खरं सांगते, टांगा त्यांनीच आणला. धोतराचा सोगा हातात धरून नाक्यापर्यंत पळत गेले, वहाणा न घालता. मी पोराला घेऊन आत बसले, आईसाहेब देवाजवळ बसल्या, मल्हारी मार्तंडाला साकडं घालायला, आणि टांग्यात वर चढल्या चढल्या ह्या माणसानं सुरू केलं, वरचा ठसा आणि खालचा ठसा.

टांगेवाला मागे वळून विचारतो, "क्या हुआ बाईजी, बच्चा क्यों रो रिया है?" मी म्हटलं, चवन्नी खा ली. तर म्हणतो कसा, "खरी के खोटी?" म्हणजे बघा. आणि नानासाहेब त्याच्यावरच उखडले, "खोटी नहीं है, लखी है, तू गाडी हाक." गाडी हाकणार कुठून, गुळाचा बैल बसला होता मधोमध. मी दौलतच्या ओठांचा रंग बघतेय, निळे तर पडत नाहीत ना, आणि कानात चाललंय, "वरचा ठसा खाली येतो, चकती दाबली जाते, नाणं तयार झालं. ते आता बाजूला पडायला हवं. पण एखादं नाणं वरच्या ठशालाच चिकटून बसतं. कुणाच्या लक्षात येत नाही. खाली दुसरी चकती येते. तिच्यावर आता ठसा आपटत नाही सूनबाई, ते चिकटलेलं नाणं आपटतं. मग खालून राजा उठतो बरोबर, आणि वरून त्या चिकटलेल्या नाण्याचा राजा तिच्यात रुततो, खोल, उलटा. लाखात एक अशी निघते म्हणून तिला लखी म्हणायचं. ज्या सराफाच्या गल्ल्यात लखी असते ना, तो ती जीव गेला तरी बाहेर काढत नाही. लाखात एक."

मी म्हटलं, नानासाहेब, माझं तर एकात एक आहे. तेव्हा कुठे गप्प बसले. सियागंज सुटेपर्यंत.

मी शिकलेय सातवीपर्यंत. आरोग्याच्या पुस्तकात पोटाचं चित्र होतं, आतडं गुंडाळून गुंडाळून ठेवलेलं, परीक्षेला यायचं म्हणून ते मी पाटीवर काढून काढून पाठ केलं होतं. तेव्हा वाटायचं, ह्याचा संसारात काय उपयोग? आता उपयोग असा, की टांग्यात बसल्या बसल्या मला ते चित्र डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि ते नाणं त्यातून चाललंय, एका वळणावर उभं राहतंय, दुसऱ्या वळणावर आडवं होतंय... न शिकलेली बाई नुसती रडली असती. मला चित्रासकट रडावं लागलं.

इस्पितळात पोहोचलो. नानासाहेबांनी खिशात हात घालून टांगेवाल्याला काय ते दिलं आणि माझ्याआधी पायऱ्या चढले, "बच्चा है, बच्चा है, रास्ता दो," असं करत. डॉक्टर तरुण होता, नवाच असावा, चष्मा कोरा. पोट दाबलं, घसा बघितला, म्हणाला, "एक्स-रे निकालेंगे." मला वाटलं सुई असेल. तर आतून फोटो. अंधारी खोली, थंडगार टेबल, माझ्या उघड्या पोराला त्याच्यावर निजवलं, आणि मला म्हणे हलू देऊ नका. सव्वा वर्षाचं पोर आणि हलू देऊ नका. मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन चिऊकाऊचं म्हणत राहिले, दातांवर दात आपटत होते माझे, त्यामुळे चिऊचं घर मेणाचं होतं की शेणाचं ते त्या दिवशी राहूनच गेलं.

मग बाहेर बाकावर बसलो. माणसं येतायत, जातायत, कुणाचा हात गळ्यात, कुणाचं डोकं फडक्यात. मी दौलतच्या पोटाला कान लावून बसलेय. काही वाजतंय का? काय वाजणार, गुरगुर होतेय, ती त्याची की माझी हेही कळेना. आणि डॉक्टर आला ती काळी फिल्म घेऊन, ओली, पाणी गळतंय, खिडकीच्या उजेडात धरली. मी बघितलं. बरगड्या, एवढ्या एवढ्या, नुसत्या काडीसारख्या... माझ्या पोराच्या बरगड्या मी कधी अशा बघितल्या नव्हत्या. आणि खाली, पोटात, एक पांढरी गोल टिकली. आणि त्या टिकलीत काळं भोक. एका कडेला.

डॉक्टर म्हणाला, "हिल गया. बच्चा हिल गया, देखिए, छेद साइड में आ गया. दूसरा निकालना पड़ेगा." दुसरा? परत ते टेबल?  आणि नानासाहेबांनी त्याच्या हातातून फिल्म घेतली, उजेडात धरली, नाक लावलं, आणि असे हसले... लहानपणी हरवलेला भाऊ भेटल्यासारखे. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बच्चा नहीं हिला. पैसा हिला है. टकसाल में." डॉक्टर त्यांच्याकडे बघतोय, मी डॉक्टरकडे बघतेय. "ये मेरा पैसा है. इसका छेद ऐसाच है. फोटो एकदम बरोबर आहे, पैसाच चुकीचा आहे."

म्हणजे लखी नव्हतीच. मी सांगत होते ना, लालसर कड?

आता तुम्हाला वाटेल, झालं, कळलं, आता तरी कुणी पोराकडे बघेल. अहो, डॉक्टरला त्यात गोडी वाटायला लागली. "ऐसा होता कैसे है?" म्हणे. विचारलं आणि फसला. नानासाहेब म्हणाले, आधी पत्र्याच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, मग चकतीला भोक पाडायचं, मग छापायचं. चकती भोक पाडणाऱ्या सुंभ्याखाली नीट बसली नाही, जराशी सरकली, की भोक कडेला. मग छापणारं यंत्र काय, आंधळं, ते छापून मोकळं. कंपाउंडरनं आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यातला भोकाचा पैसा काढला, फिल्मला लावून बघितला. दोन परिचारिका आल्या. गळ्यात हात बांधलेला एक माणूस उठून आला, "देखूँ भिया." सगळे मिळून माझ्या लेकराच्या पोटातल्या पैशाचं भोक बघतायत आणि माझं लेकरू माझ्या खांद्यावर हुंदके देतंय. मी म्हटलं, आणि ह्या वेळी जरा मोठ्यानं म्हटलं, डॉक्टरसाहेब, पैसा कसा चुकला ते मला नका सांगू, पोर कसं आहे ते सांगा.

 डॉक्टरनं चष्मा पुसला. म्हणाला, घशात नाही, पोटात उतरलाय, ते चांगलं. बहुतेक आपोआप पडेल. केळी द्या, भात द्या, वाट बघा. उलटी झाली, पोट फुगलं, काळं काही दिसलं तर लगेच या. आणि सोमवारपर्यंत नाही पडला तर...

"तर?" मी म्हटलं.

"तर फिर देखेंगे," म्हणाला, आणि बोटानं पोटावर एक रेघ काढली. स्वतःच्या पोटावर काढली, पण मला ती कुठे दिसली ते मी तुम्हाला सांगायला नको.

घरी आलो आणि सुरू झालं वाट बघणं. काय बघायची वाट, तेही सांगायची लाज. पोराला केळं कुस्करून, भात कुस्करून, राजगिऱ्याची लापशी, जे गिळेल ते. आईसाहेब दर थोड्या वेळानं अंगारा लावतायत, त्याच्या पोटाला, माझ्या कपाळाला, शेवटी डब्यातल्या केळ्यांनाही लावला. आणि मी प्रत्येक लंगोट उजेडात नेऊन काडीनं... जाऊ दे. तुमच्यातल्या ज्यांना पोरं आहेत त्यांना कळेल.

सकाळ झाली की मागच्या दारात खोकला. खोकून मग विचारायचं, "सूनबाई, काही बातमी?" नाही नानासाहेब. "नाही?" नाही. तसे गेले नाहीत, तिथंच उभे. म्हणाले, "काळजी पैशाची नाही हो मला." मग कशाची? "नाही, म्हणजे, लखीचाही पत्ता नाही." आणि मग ओसरीवर येऊन सतरंजी झटकली, पाट उचलला, उंदराच्या बिळात वाकून बघितलं, माझे निवडलेले तांदूळ परत निवडले. एवढ्या मोठ्या माणसाला काय बोलायचं?

सुलोचनाबाई वरून उतरल्या. हवा तेव्हा त्यांना कधी किस्सा आठवत नाही, नको तेव्हा आठवतो. म्हणाल्या, "मानपुरात माझ्या नणंदेच्या शेजारी असंच झालं होतं. पोरानं कोटाचं बटण गिळलं. आज पडेल, उद्या पडेल, वाट बघून बघून..." आणि तेवढ्यात वर दूध उतू गेल्याचा वास आला आणि ह्या गेल्या की हो धावत. मी खाली, अर्ध्या किश्शाशी. वाट बघून बघून काय? मी दौलतला कडेवर घेऊन जिना चढले, धापा टाकत विचारलं, सुलोचनाबाई, त्या पोराचं काय झालं? चूल पुसता पुसता म्हणतात, "कुठल्या? बटणाच्या? त्याचं गं गेल्या साली लग्न झालं, बायको जरा सावळी आहे." मी तिथंच पायरीवर बसले.

आणि पोर दुसऱ्या दिवशी केळं खाईना. तोंड फिरवायला लागलं. पोट टमटमीत लागत होतं हाताला. फुगलंय का? की रोजच असं असतं? मी रोज कधी दाबून बघितलं होतं? आईसाहेब म्हणाल्या, "नाही गं, खाऊन फुगलंय." मी म्हटलं खातच नाहीये तर खाऊन कसं फुगेल? तेव्हा पहिल्यांदा आईसाहेबांनी हातातला अंगारा खाली ठेवला. ते मला डॉक्टरच्या बोटापेक्षा वाईट लागलं. ह्यांना तार करावी असं मनात आलं, पण तारेत काय लिहायचं? पोरानं पैसा गिळला, या? तिकडे ह्यांचा जीव टांगणीला, आणि साहेब रजा देईल? म्हणून नाही केली.

दौलत माझ्या उशीवर झोपला. ती उशी माझ्या माहेरची, आईनं भरलेली, जाड रेशमाचा उठावाचा मोर. मी त्याच्या श्वासाकडे बघत बसले. एक, मग दुसरा, मग थांबला असं वाटायचं, मग तिसरा. आणि त्यानं कूस बदलली, तर गालावर मोर. अख्खा मोर उमटलेला, पण खोल रुतलेला, आणि तोंड दुसरीकडे. उशीवरचा मोर उजवीकडे बघतोय, गालावरचा डावीकडे. माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या मनात आलं, अगंबाई, लखी. चिकटलेलं नाणं नव्या चकतीवर आपटतं म्हणतात ते हे असं. आणि त्या क्षणी मला माझाच असा राग आला, की पोर पोटात पैसा घेऊन पडलंय आणि मी ठशांचा विचार करतेय. ही लखी माझ्या डोक्यात कुणी घातली? मी बोटानं तो मोर चोळत बसले, गाल परत सपाट होईपर्यंत.

आणि रविवारी सकाळी, देवपूजा व्हायच्या आत, पोरानं तोंड लाल केलं, मुठी आवळल्या, आणि पितळी भांड्यात टण् आवाज झाला.

जास्त सांगत नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि रडले. आईसाहेबही रडल्या. दौलत आमच्याकडे बघून हसला आणि केळं मागितलं, अख्खं. आणि मागच्या दारात खोकला. "सूनबाई, काही..." मी म्हटलं, आली हो बातमी.

आईसाहेबांनी तो पैसा चिंचेनं घासला, राखेनं घासला, परत चिंचेनं घासला. नानासाहेबांच्या डब्यात असताना काळा पडलेला, आता नव्या कोऱ्यासारखा, नुसता लखलखतोय. नानासाहेबांनी हात पुढे केला. आईसाहेबांनी मूठ मिटली. म्हणाल्या, "हा आता डब्यात जायचा नाही नाना. माझ्या नातवाच्या पोटातून सुखरूप बाहेर आलाय, ह्याच्याएवढा लाभलेला पैसा दुसरा नाही. हा करदोट्यात." "पण वहिनीसाहेब, असा दुसरा मिळायचा नाही." "नातू तरी दुसरा मिळणारे का मला?" झालं. मी म्हटलं, आईसाहेब, परत करदोट्यात? परत तोंडात? तर म्हणाल्या, मागे बांधते. म्हणजे आता आमच्या चिरंजीवांच्या पाठीमागे, माकडहाडावर, तो पैसा लोंबतो, भोक कडेला म्हणून एकीकडे कलून. आणि एक भले गृहस्थ रोज संध्याकाळी येतात, पोराला पालथं करतात, डोळे भरून बघतात आणि उसासा टाकून परत जातात.

आणि त्याच दुपारी दारात आरडाओरडा. बघते तर तो टांगेवाला. "कां है वो बाऊजी? तीन दुकान घूम लिया, पानवाला बी नी ले रिया. खोटी चवन्नी टिका गए मेरे को." आणि तळहात उघडला. नानासाहेब आले, चष्मा लावला, चवन्नी उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली. इकडून राजा. तिकडूनही राजा.

जो माणूस उभ्या जन्मात पुढचं-मागचं उलटून बघितल्याशिवाय भाजीवालीलाही नाणं देत नाही, त्यानं त्या दिवशी हातातली लखी तशीच कोटाच्या खिशात टाकली होती आणि तशीच काढून टांगेवाल्याला दिली होती. न बघता. नानासाहेबांचा चेहरा असा उतरला, मला वाटलं आता पडतात. पुटपुटले, "मी बघितलं कसं नाही?" आईसाहेब आतून म्हणाल्या, "पोराकडं बघत होता की नाना." मग नानासाहेब कुणाकडेच बघेनात, आणि मी त्यांना बसायला पाट मांडला, इतके दिवस त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून. टांगेवाल्याला त्यांनी नवी चवन्नी दिली, सिंहांची. त्यानं ती उलटून पालटून बघितली आणि म्हणाला, "पैले दोनी तरफ राजा था, अब एक तरफ बी नी है. चलेगी ना, भिया?"

आता तुम्ही म्हणाल, संपलं ना, पोर खेळतंय, नाणं आलं, आता काय रडतेस? रडत नाहीये मी. पण नाताळच्या सुटीत आमचे हे आले ग्वाल्हेरहून. मी त्यांना काही कळवलं नव्हतं, म्हटलं आल्यावर हळूच सांगू. आणि स्टेशनवर टांगा कुठला मिळावा? तोच. वाटेत त्यानं सांगितलं, "बाऊजी, आपके छोरे के पेट में चवन्नी थी," आणि पुढचं सांगेपर्यंत घर आलं. हे ट्रंक टांग्यातच टाकून आत आले, टोपी तिरकी, चेहरा पांढरा फटक, मी कणीक मळतेय, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दौलत... दौलत कसा आहे?"

आणि मी, जिनं तो सारा काळ सगळ्या जगाला हाच प्रश्न विचारला, मी हातातली कणकेची लाटी पुढे धरली, तिच्यात बोट खुपसलं आणि म्हटलं, "अहो, ती चवन्नी नव्हती, पैसा होता. म्हणजे बघा, आधी पत्र्यातून चकत्या कापतात, ही चकती, मग तिला भोक पाडायचं, पण ती जराशी सरकली ना, की भोक..."

हे म्हणाले, "इंदिरा, पैसा कसा चुकला ते मला नको सांगूस, पोर कसं आहे ते सांग."

आणि मी तशीच उभी, बोटात लाटी, भोक कडेला.